बलस्थानांची चाचणी नेमकं काय मोजते?

ऑफिसात एचआरने ठेवलेलं सत्र, कॉलेजातला व्यक्तिमत्त्व विकासाचा तास, नाहीतर नोकरी बदलायच्या विचारात असताना मित्राने पाठवलेली लिंक. कुठे ना कुठे तुमची गाठ ‘स्ट्रेंग्थ्स’शी पडलेली असणार. स्क्रीनसमोर बसून उत्तरं द्यायची, की एक देखणा अहवाल हातात येतो: तुमची पाच बलस्थानं अमुक अमुक. सोबतचा सल्लाही ठरलेला असतो. कमतरता दुरुस्त करण्यात आयुष्य घालवू नका, जे मुळात चांगलं जमतं तेच वाढवा.

हा विचार जगभर पोचवण्यात मोठा वाटा आहे तो मार्कस बकिंगहॅम आणि डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या ‘नाउ, डिस्कव्हर युअर स्ट्रेंग्थ्स’ या २००१ सालच्या पुस्तकाचा. क्लिफ्टन हे मानसशास्त्रज्ञ, अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात शिकवायचे. त्यांच्या कंपनीने १९८८ मध्ये गॅलप ही जनमत चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेली संस्था विकत घेतली. पुस्तकाच्या प्रत्येक नव्या प्रतीत एक कोड असायचा आणि तो वापरून वाचकाला ऑनलाइन चाचणी देता यायची. कोड एकदाच चालायचा. म्हणजे लायब्ररीतून आणलेली किंवा रस्त्यावर जुन्या पुस्तकांत मिळालेली प्रत चाचणीपुरती निरुपयोगी. तीच चाचणी आज ‘क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स’ या नावाने चालते: विधानांच्या १७७ जोड्या, प्रत्येक जोडीला २० सेकंद, आणि शेवटी ३४ गुणविशेषांचा तुमच्यापुरता क्रम.

हे पुस्तक मी नीट वाचलं, आणि त्याच्या आजूबाजूचं संशोधनही. मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. पुस्तकाचा मूळ प्रश्न चांगला आहे, त्यातली बलस्थानाची व्याख्याही चांगली आहे. पण त्याला जोडलेली चाचणी त्या व्याख्येत बसणारी गोष्ट मोजतच नाही. आणि या फरकाची किंमत कंपनी मोजत नाही, चाचणी देणारा मोजतो.

आधी जमेची बाजू

आपल्याकडे प्रगतिपुस्तक कसं वाचलं जातं ते आठवा. मराठीत ८८, इतिहासात ८५, गणितात ५२. घरात चर्चा फक्त ५२ ची. मराठीत ८८ कसे मिळाले, काय वेगळं केलं, हे कुणी विचारत नाही. नोकरीतल्या वार्षिक मूल्यमापनातही बऱ्याचदा तेच होतं. चाळीस मिनिटांतली पस्तीस ‘इथे सुधारणा हवी’ या रकान्यावर जातात. अशा वातावरणात ‘तुझं काय चांगलं चाललंय ते आधी बघू’ असं म्हणणारं पुस्तक येतं, तेव्हा ते लोकांना आवडणारच. त्यात गैर काही नाही.

पुस्तकातली व्याख्याही नेमकी आहे. तिचा आशय असा: एखादं काम तुम्ही सातत्याने आणि जवळजवळ निर्दोषपणे करू शकत असाल, तर ते तुमचं बलस्थान. उपजत कल, ज्ञान आणि कौशल्य या तीन गोष्टी मिळून ते घडतं. यातला ‘काम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘मी सहानुभूतीशील आहे’ हे या व्याख्येनुसार बलस्थान ठरत नाही. ‘चिडलेल्या ग्राहकाचा फोन आला की बहुतेक वेळा मी तो दहा मिनिटांत मार्गी लावते’ हे ठरतं.

व्याख्या एक, मोजमाप दुसरं

आता चाचणीकडे या. स्क्रीनवर डावीकडे एक विधान, उजवीकडे दुसरं. दोन्हीही ‘मी असा आहे’, ‘मला असं आवडतं’ या धर्तीची. कुठलं तुम्हाला जास्त लागू पडतं, किती प्रमाणात, ते निवडायचं. तुम्ही केलेलं एकही काम ही चाचणी बघत नाही. तुमच्यासोबत काम केलेल्या एकाही माणसाला काही विचारत नाही. ती विचारते फक्त तुम्हाला, तुमच्याबद्दल.

दहावीला दिलेली कल चाचणी तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. मराठीत यासाठी दोन छान वेगळे शब्द आहेत: कल आणि अभिक्षमता. कल म्हणजे मन कुठे ओढ घेतं. अभिक्षमता म्हणजे शिकवलं तर किती जमेल. आणि तिसरी गोष्ट म्हणजे कामगिरी, प्रत्यक्ष जमलं का. व्याख्या तिसरीबद्दल बोलते, चाचणी बऱ्यापैकी पहिलीच मोजते.

तुम्ही म्हणाल, माणसाला स्वतःची कुवत कळत नाही का? थोडी कळते. किती, याचा हिशेब झालेला आहे. मेब आणि वेस्ट या दोघांनी १९८२ मध्ये ५५ अभ्यास एकत्र करून पाहिलं, की लोक स्वतःच्या क्षमतेला जे गुण देतात आणि त्यांची प्रत्यक्ष कामगिरी जशी असते, त्यांचा एकमेकांशी किती मेळ बसतो. सरासरी सहसंबंध आला ०.२९. झेल आणि क्रिझान यांनी २०१४ मध्ये अशा २२ संकलित विश्लेषणांचंच पुन्हा संकलन केलं. उत्तर पुन्हा ०.२९.

हा आकडा हवेत राहू नये म्हणून असं करू. शंभर सहकाऱ्यांना, त्यांनी स्वतःला दिलेल्या गुणांनुसार, एका ओळीत उभं करा. वरचे पन्नास निवडा. यांतले किती जण प्रत्यक्ष कामगिरीतही वरच्या पन्नासांत असतील? सहसंबंध ०.२९ असेल तर साधारण तीस. डोळे मिटून पन्नास जण निवडले असते तरी पंचवीस बरोबर आले असते. म्हणजे स्वतःबद्दलच्या मतामुळे शंभर माणसांत पाच जणांची भर पडली.

कुठल्या कामात मेळ जास्त बसतो हे बघणंही उपयोगाचं आहे. खेळासारख्या गोष्टीत तो बरा असतो, कारण चेंडू स्टंपवर लागला की नाही ते लगेच आणि सगळ्यांसमोर कळतं. माणसं सांभाळण्याच्या कामात तो फारच कमी होतो, कारण तुमचं कुठलं बोलणं कुणाला लागलं हे बहुधा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. आणि बलस्थानांच्या चाचण्या सर्वांत जास्त वापरल्या जातात त्या याच दुसऱ्या जातीच्या कामांसाठी.

कंपनीकडून यावर उत्तर येतं ते विश्वासार्हतेचं: पुन्हा चाचणी दिली तर निकाल बऱ्यापैकी तसाच येतो. ठीक आहे. पण आमच्या प्रयोगशाळेतला वजनकाटा प्रत्येक वेळी बरोबर दोन ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तोही विश्वासार्हच म्हणायचा. रोज तेच उत्तर देणं वेगळं आणि खरं उत्तर देणं वेगळं. दुसऱ्याला वैधता म्हणतात, आणि ती तपासायला काट्याबाहेरचं एक प्रमाणित वजन लागतं. इथे ते वजन म्हणजे तुमचं काम.

‘तुमच्यात पहिला’ म्हणजे वर्गात पहिला नव्हे

आणखी एक बारीक गोष्ट अहवालात सहज निसटते. तो तुम्हाला गुण देत नाही, क्रम देतो. आणि क्रम तुमच्या स्वतःच्याच ३४ गोष्टींमध्ये लावलेला असतो.

पुन्हा प्रगतिपुस्तक घ्या. एका मुलाला मराठीत ४२, विज्ञानात ३८, गणितात ३५. दुसरीला मराठीत ९०, विज्ञानात ९३, गणितात ९६. क्रम लावला तर मराठी हा पहिल्या मुलाचा सर्वांत बलवान विषय आणि दुसरीचा सर्वांत दुबळा. आता शाळेच्या वार्षिक अंकाचं संपादन कुणाकडे द्याल? अहवाल म्हणेल, पहिल्याकडे. एखाद्या माणसाने स्वतःला समजून घेण्यासाठी हा क्रम बघितला तर हरकत नाही. पण संघनायक जेव्हा दहा जणांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून कामं वाटतो, तेव्हा तो नेमकी हीच चूक करत असतो.

३ कोटी ३३ लाखांत एक

या चाचणीच्या प्रचारात एक आकडा हमखास येतो: पहिली पाच बलस्थानं त्याच क्रमाने असलेला दुसरा माणूस भेटण्याची शक्यता ३ कोटी ३३ लाखांत एक. ऐकून छाती फुगते. हा आकडा येतो कुठून? ३४ × ३३ × ३२ × ३१ × ३० = ३,३३,९०,७२०. बस्स. हा केवळ चिठ्ठ्यांचा गुणाकार आहे. चिठ्ठीवर लिहिलेलं तुम्हाला लागू पडतं का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

पटत नसेल तर पत्रिकेचा असाच हिशेब करू. लग्न, रवी, चंद्र, मंगळ, गुरू, शनी आणि राहू. प्रत्येकाला बारा राशी. बुध आणि शुक्र सूर्यापासून फार लांब जात नाहीत आणि केतू नेहमी राहूच्या समोर असतो, म्हणून ते सोडून देऊ. बाराचा सातवा घात होतो ३,५८,३१,८०८. म्हणजे तुमची पत्रिका ३ कोटी ५८ लाखांत एक. चाचणीपेक्षा जास्त ‘अनोखी’! त्यात दोन्हीकडे सगळ्या जुळण्या सारख्याच संभवतात हे गृहीत धरलंय, आणि तेही खरं नाही. एकाच वर्गातल्या बहुतेक मुलांचा शनी एकाच राशीत सापडतो. तसंच संशोधन संस्थेत चाचणी घेतली तर शिकण्याची आवड सांगणारा गुणविशेष निम्म्या वर्गाच्या पहिल्या पाचांत आला तर नवल नाही.

पण मग अहवाल वाचताना ‘अगदी माझंच वर्णन!’ असं का वाटतं? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा’ म्हणून अहवाल दिला. तो किती अचूक आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेला मजकूर मात्र एकच होता, ज्योतिषाच्या एका पुस्तकातून जमवलेला. वर्णन चांगलं चांगलं असेल तर हा परिणाम आणखी वाढतो, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. आता ३४ गुणविशेषांची यादी बघा. एकही नाव अप्रिय नाही. कुठलेही पाच आले तरी कौतुकच.

‘वाटतं’ आणि ‘आहे’ यांतला फरक तपासायची पद्धत आपल्याच इथे, पुण्यात, एका प्रयोगाने दाखवली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना पत्रिका दिल्या आणि विचारलं: यांतली हुशार मुलाची कुठली आणि मतिमंद मुलाची कुठली? २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं. २००९ मध्ये हे ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. या प्रयोगाची गंमत अशी, की ज्योतिषावर वाद घालत बसायची गरजच पडली नाही. दावा काय आहे ते विचारलं, नावं झाकली आणि मोजलं.

तुमच्या ऑफिसात चाचणी होणार असेल तर हेच करा. दहा जणांचे अहवाल घ्या, नावं काढून टाका. प्रत्येक माणसासाठी त्याच्यासोबत वर्षभर काम केलेला एक सहकारी निवडा. त्याला दोन अहवाल द्या, एक खरा आणि एक दुसऱ्या कुणाचा तरी. ओळख म्हणावं. स्वतःचा अहवाल स्वतः ओळखण्यात अर्थ नाही, कारण त्यात तुम्हीच दिलेली उत्तरं सजवून परत आलेली असतात. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे. तेवढे आले तर अहवालात काहीतरी आहे असं मानू. पाच-सहा आले तर पैसे वाचवू.

वाचनाचा वेग आणि सोयीचा निष्कर्ष

‘कमतरतेपेक्षा बलस्थानावर मेहनत करा’ या सल्ल्याच्या समर्थनार्थ क्लिफ्टन यांच्या मांडणीत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. नेब्रास्कात १९५० च्या दशकात शाळकरी मुलांना जलद वाचन शिकवलं. मिनिटाला ९० शब्द वाचणारी मुलं १५० पर्यंत पोचली. आणि आधीच ३५० शब्द वाचणारी मुलं पोचली थेट २,९०० वर. निष्कर्ष: गुंतवणूक बलवानांवर करा.

आधी २,९०० हा आकडा तपासू. मिनिटाला २,९०० म्हणजे सेकंदाला सुमारे ४८ शब्द. वाचताना डोळा सरकत जात नाही, उड्या मारतो, आणि सेकंदाला साधारण चार ठिकाणी थांबतो. म्हणजे प्रत्येक थांब्याला बारा शब्द. पण एका थांब्यात इंग्रजी वाचकाला उपयोगाचं काही दिसतं ते उजवीकडच्या फार तर चौदा-पंधरा अक्षरांपर्यंत. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जलद वाचनावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्याचं सार असं, की वेग असा वाढवला तर समज कमी होते. तेव्हा ती मुलं वाचत होती की पानं चाळत होती, हा प्रश्न विचारायलाच हवा.

बरं, तरीही आकडे खरे धरू. ९०,००० शब्दांचं एक पुस्तक घ्या. ९० च्या वेगाने ते वाचायला १,००० मिनिटं लागतात, १५० च्या वेगाने ६००. हळू वाचणाऱ्या मुलाचे प्रत्येक पुस्तकामागे ६ तास ४० मिनिटं वाचले. दुसरीकडे ३५० च्या वेगाने २५७ मिनिटं, २,९०० च्या वेगाने ३१. वाचले पावणेचार तास. म्हणजे त्याच आकड्यांवरून, वेळेच्या हिशेबात, जास्त फायदा झाला तो हळू वाचणाऱ्यांना! आकडे तेच, फक्त ‘वेग किती वाढला’ ऐवजी ‘आयुष्यात काय फरक पडला’ हे विचारलं.

सोळाव्या वर्षी साचा बंद होतो का?

पुस्तकाचा आणखी एक आधार मेंदूचा आहे. लहानपणी चेतापेशींच्या जोडण्या भराभर तयार होतात, मग नको त्या गळून पडतात आणि पौगंडावस्था संपेपर्यंत तुमचा साचा बराचसा ठरून जातो, असा त्याचा सूर. जोडण्यांची छाटणी होते हे खरंच आहे. पण त्यावरून ‘पुढे फारसं बदलत नाही’ इथवर उडी मारता येत नाही.

लंडनमधल्या टॅक्सीचालकांचं उदाहरण घ्या. परवाना मिळवण्यासाठी त्यांना शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. वूलेट आणि मॅग्वायर यांनी २०११ मध्ये ७९ शिकाऊ चालकांचा वर्षानुवर्षं केलेला पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांतले ३९ जण परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि त्यांच्या मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या मागच्या बाजूला करड्या द्रव्यात वाढ दिसली. नापास झालेल्यांत आणि शिकायला न गेलेल्यांत ती दिसली नाही. ही सगळी मोठी माणसं होती, शाळकरी मुलं नव्हेत. स्वभावाचंही तेच. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या संकलित विश्लेषणात दिसलं, की काम नेटाने आणि वेळेवर करण्याचा गुण लोकांमध्ये विशी-तिशीतच, म्हणजे नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, वाढत जातो.

पण फायदा होतो ना?

गॅलपने स्वतः २०१६ मध्ये एक मोठं विश्लेषण दिलं. सुमारे १२ लाख कर्मचारी, ४९ हजारांहून जास्त कामाचे गट, आणि विक्री-नफ्यात वाढ. संख्या प्रचंड आहे. पण चाचणी विकणाऱ्यानेच चाचणीचा फायदा मोजलेला आहे, हा एक मुद्दा. दुसरा असा, की संपूर्ण बलस्थान कार्यक्रमात चाचणीसोबत प्रशिक्षण असतं, साहेबाने माणसाशी नीट बसून बोलणं असतं. यांतलं कशामुळे काय झालं, हे कसं कळणार?

ते वेगळं काढण्याचा चांगला प्रयत्न मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केला होता. तिथे चाचणी दुसरी होती, पण प्रश्न हाच. एका गटाने फक्त आपली बलस्थानं ओळखली. दुसऱ्या गटाने ती ओळखून आठवडाभर रोज नव्या तऱ्हेने वापरली. नुसतं ओळखण्याचा परिणाम थोडक्यात विरला. वापरणाऱ्यांचं समाधान सहा महिन्यांनंतरही वाढलेलं दिसलं. पुढे २०१२ मध्ये मॉन्ग्रेन आणि अन्सेल्मो-मॅथ्यूज यांनी हाच प्रयोग पुन्हा केला, पण तुलनेसाठी एका गटाला लहानपणच्या सुखद आठवणी लिहायला सांगितल्या. बलस्थानवाल्यांचं समाधान वाढलं, पण या आठवणीवाल्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे स्वतःबद्दल बरं काहीतरी आठवण्यानेच बराचसा फरक पडत असावा.

बिघडतं कुठे

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, असू दे की! चार चांगले शब्द ऐकून माणूस खूश झाला तर तुझं काय जातं? चाचणी तेवढ्यावर थांबली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

मागे पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या अशाच एका सत्राला मी आणि माझी एक मैत्रीण गेलो होतो. तिच्या पहिल्या पाचांत बोलण्या-मांडण्याशी संबंधित काहीच आलं नाही. सत्र घेणाऱ्याने तिला सांगितलं, मग त्यावर ऊर्जा घालवू नकोस. त्या वर्षीच्या परिषदेत तिला पंधरा मिनिटांच्या व्याख्यानासाठी अर्ज करता आला असता. तिने पोस्टर लावलं. मी तिला विचारलं, आतापर्यंत तू लोकांसमोर किती वेळा बोलली आहेस? ती म्हणाली, तीनदा, त्यात एकदा शाळेत. तीन वेळा! पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलेल्या पोराला तिसऱ्या दिवशी कुणी ‘पोहणं तुझं बलस्थान नाही’ म्हणतं का?

असा हा फेरा आहे. जे केलं नाही ते आवडत नाही, आवडत नाही म्हणून अहवालात येत नाही, अहवालात नाही म्हणून कुणी करायला देत नाही, आणि दिलं नाही म्हणून कधीच जमत नाही. पंचेचाळिशीतल्या विभागप्रमुखाला याने फारसा फरक पडत नाही, त्याची वाट ठरलेली आहे. फरक पडतो तो तेविशी-पंचविशीतल्यांना, ज्यांनी अजून बऱ्याच गोष्टी करूनच पाहिलेल्या नाहीत.

आणि आवड तरी पूर्णपणे आपली असते का? लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या प्रयोगांत असं दिसलं, की ज्या कामांनी बढती मिळत नाही अशा कामांसाठी बायकांना जास्त विचारलं जातं आणि त्या होकारही जास्त देतात. कार्यक्रमाची व्यवस्था, नव्या माणसाला रुळवणं, इतिवृत्त लिहिणं. पाच वर्षं हेच केल्यावर चाचणीत ‘मला सगळ्यांना सामावून घ्यायला आवडतं’ यावर खूण केली जाणारच. मग अहवाल येतो, आणि जे काम सवयीने गळ्यात पडलं होतं ते आता ‘तुझं बलस्थान’ म्हणून कायमचं पडतं.

मग स्वतःची बलस्थानं ओळखायची कशी?

पुस्तकाचीच व्याख्या घ्यायची आणि मोजमाप बदलायचं.

पहिली पद्धत पीटर ड्रकर यांनी १९९९ च्या ‘मॅनेजिंग वनसेल्फ’ या लेखात दिली आहे. महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवा. नऊ ते बारा महिन्यांनी उघडून बघा. ‘हा अहवाल मी आठ दिवसांत संपवेन’, ‘या माणसाला मी पटवू शकेन’, ‘हा प्रयोग तिसऱ्या प्रयत्नात जमेल’. अंदाज आणि घडलेलं शेजारी शेजारी ठेवलं, की दोन-तीन वर्षांत तुमचं तुम्हालाच दिसायला लागतं. लागतं काय, तर चाळीस पानी वही.

दुसरी, दुसऱ्यांना विचारणं. लॉरा मॉर्गन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ही रीत मांडली. सोबत काम केलेल्या दहा-वीस जणांना विचारायचं: मी उत्तम काम केलं असा एखादा प्रसंग सांगा. ‘तू हुशार आहेस’ हे उत्तर चालणार नाही, प्रसंगच हवा. आपल्याकडे वरिष्ठांना असं विचारायला संकोच वाटतो. मग ज्युनिअर आणि बरोबरीच्यांपासून सुरुवात करा. तेच तुम्हाला रोज बघतात.

तिसरी गोष्ट कमतरतेबद्दल. ती किती भरून काढायची, हे तुमच्या कामाने ठरवायचं. प्रत्येक कामाची एक किमान पातळी असते. संशोधकाला दोन पानं सलग स्वच्छ लिहिता यायलाच हवीत, नर्सला औषधाची मात्रा न चुकता काढता यायलाच हवी. या पातळीच्या खाली असाल तर ‘ते माझं बलस्थान नाही’ हे कारण चालत नाही. पातळी गाठली, की उरलेला वेळ खुशाल आवडीच्या गोष्टीला द्या. ‘फक्त बलस्थानं’ आणि ‘फक्त कमतरता’ यांतलं एक निवडायची गरज नाही.

आणि चाचणी द्यायची वेळ आलीच तर द्या. फक्त अहवालातले ते पाच शब्द गृहीतक म्हणून वाचा. प्रत्येकासमोर गेल्या वर्षभरातला एक पुरावा लिहा: कुठलं काम, कुणासाठी, काय निघालं त्यातून. जिथे लिहायला काही सापडलं नाही तिथे फुली मारायची नाही. जागा मोकळी ठेवायची, आणि या वर्षी तसं एखादं काम मागून घ्यायचं. यादीत नसलेलंही एक.